दुसऱ्याचं चित्र, आपला टी-शर्ट: ऑनलाइन विक्रीत कॉपीराइट कुठे आडवा येतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्वतः तयार केलेली डिझाइनं टी-शर्ट, मग आणि फोन कव्हरवर छापून ऑनलाइन विकायची आहेत. साठा ठेवायचा नाही. ऑर्डर आली की छपाई करणारी कंपनी छापणार आणि परस्पर पाठवणार. मनात पाच प्रकार आहेत: हाताने पुन्हा काढलेलं एक प्रसिद्ध कार्टून पात्र, एक गाजलेला संवाद, अभिनेत्याच्या फोटोवरून केलेलं रेखाचित्र, एका जुन्या चित्रकाराचं चित्र, आणि ग्राहक पाठवेल तो फोटो. शिवाय ‘तीस टक्के बदल केला की कॉपीराइट लागत नाही’ असं कुणीतरी सांगितलंय, ते खरं का?

तीस टक्क्यांचं आधी निकालात काढू. डिझाइन इतके टक्के बदललं की सुटका, असा नियम भारताच्या कायद्यात नाही, अमेरिकेच्या नाही आणि युरोपच्याही नाही. न्यायालय तुम्ही काय बदललं हे मोजत बसत नाही, काय उचललं ते पाहतं. मूळ चित्राचा सगळा जीव त्यातल्या चेहऱ्यात असेल आणि तुम्ही तेवढाच चेहरा घेऊन कपडे, पार्श्वभूमी, रंग सगळं नवं केलंत, तरी तुम्ही नेमकी नको तीच गोष्ट घेतलेली असते.

‘पण मी ते स्वतः काढलंय’ हा दुसरा आधार. तोही कच्चा आहे. ब्रिटनमध्ये २०१२ साली याच मुद्द्यावर एक खटला झाला. लंडनच्या स्मरणवस्तू विकणाऱ्या एका कंपनीकडे एक छायाचित्र होतं: संसद भवन आणि पूल करड्या रंगात, आणि त्यात फक्त बस लालभडक. एका चहा कंपनीने डब्यांसाठी तसंच चित्र करून घेतलं. त्यांनी मूळ फोटोला हातही लावला नव्हता. इमारतींचे फोटो स्वतः काढले, ते जोडले, बस लाल ठेवली. तरी न्यायालयाने उल्लंघन मान्य केलं, कारण रचना, प्रकाश-छायेचा खेळ आणि रंगांचा तो विशिष्ट मेळ यांतच मूळ छायाचित्रकाराचं काम होतं. या निकालावर बरीच टीका झाली, आणि मलाही तो जरा ताणलेला वाटतो. लाल बस आणि करडं शहर ही कल्पना म्हणून कुणाचीही असू शकते. पण स्वतः पुन्हा काढल्याने चित्र आपलं होतं, या समजावर इमारत उभी करू नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

माझ्याकडे एखादं डिझाइन तपासायला येतं तेव्हा मी त्याचे थर सुटे करतो. रेखाटन एक थर, अक्षरांचा फॉण्ट दुसरा, शब्द तिसरा, चेहरा चौथा, कोपऱ्यातलं चिन्ह पाचवं. प्रत्येक थराला दोन प्रश्न विचारायचे. हा कोणाचा? आणि त्याने दिलेल्या परवानगीत ‘वस्तूवर छापून विकणं’ बसतं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना ठाऊक असतं. माणसं अडकतात ती दुसऱ्यात. चित्र पाहायला मोफत आहे, डाउनलोड करता येतं, समाजमाध्यमावर टाकता येतं, यातून ते मगवर छापून विकता येतं असं निघत नाही.

पहिल्या प्रश्नाबाबत एक मूलभूत गोष्ट. चित्राखाली वर्तुळातलं ‘सी’ चिन्ह नाही, नाव नाही, नोंदणी नाही, म्हणून ते बेवारस ठरत नाही. १८८६ च्या बर्न करारानुसार कॉपीराइट मिळायला कसलीही औपचारिकता लागत नाही. कलाकृती निर्माण झाली की हक्क लागू झाला. भारत, अमेरिका, ब्रिटन, युरोपीय देश सगळे या करारात आहेत. त्यामुळे शोधयंत्रावर सापडलेलं निनावी चित्र कुणाचं तरी आहेच. फक्त तुम्हाला मालक माहीत नाही. माझ्या मते धंद्यासाठी ही सगळ्यात वाईट अवस्था, कारण परवानगी मागायलाही कुणी नसतं आणि माल विकला जायला लागला की मालक हमखास उगवतो.

आता कार्टून पात्र. पात्राच्या बाबतीत सरळ उत्तर आहे: कॉपीराइट चालू असेल तर परवान्याशिवाय विकू नका. हाताने काढा, जलरंगात काढा, पात्राला तुमच्या गावचा पोशाख चढवा, फरक पडत नाही. ते ‘रूपांतर’ ठरतं आणि रूपांतराचा हक्क मूळ मालकाकडे असतो. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये पोकेमॉन कंपनीने रेडबबल या छपाई-मंचावर दावा केला. तिथल्या डिझाइनांमध्ये कंपनीच्या पिकाचू या पात्रावरून केलेल्या चाहत्यांच्या कलाकृती होत्या. न्यायालयाने उल्लंघन मान्य केलं, भरपाई मात्र नाममात्र एक डॉलर दिली आणि खटल्याच्या खर्चाचा मोठा वाटा मंचावर टाकला. हा निकाल वाचून काही विक्रेते एक डॉलरवर खूश होतात. पण तो पैसा मंचाकडून होता, वकिलांचं बिल वेगळं होतं, आणि त्यानंतर मंचांनी विक्रेत्यांवरचा पहारा वाढवला तो वाढवलाच.

‘मुदत संपलेलं पात्र’ ही खरी पळवाट आहे, पण ती दिसते तितकी रुंद नाही. मिकी माऊसचं उदाहरण घ्या. १९२८ चा ‘स्टीमबोट विली’ हा लघुपट अमेरिकेत १ जानेवारी २०२४ रोजी सार्वजनिक झाला. मोकळं झालं ते त्यातलं काळं-पांढरं, लांब शेपटीचं रूप. नंतरच्या काळात पात्राला जे नवं रूप मिळालं त्याची मुदत वेगळी चालते. शिवाय मिकी हा डिस्नेचा ट्रेडमार्कही (माल कुणाचा हे ओळखायचं चिन्ह) आहे, आणि ट्रेडमार्क वापरात राहील तोवर नूतनीकरण करून कितीही काळ टिकतो. मग गळ्यापाशी, टॅगवर किंवा दुकानाच्या नावात ते रूप टाकून ‘हा माल डिस्नेचाच’ असं ग्राहकाला वाटेल असं काही केलंत, तर कॉपीराइट संपल्याचा काही उपयोग नाही.

टिनटिन या बेल्जियमच्या चित्रकथेतल्या पात्राची गंमत आणखी वेगळी आहे. १९२९ ची त्याची पहिली पट्टी अमेरिकेत २०२५ पासून मोकळी आहे. पण त्याचा निर्माता एर्जे १९८३ साली वारला. युरोपात मुदत मृत्यूनंतर ७० वर्षं, म्हणजे २०५३ अखेरपर्यंत. भारतात मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०४३ अखेरपर्यंत. एकच टी-शर्ट अमेरिकेत पाठवला तर ठीक आणि बेल्जियमला पाठवला तर उल्लंघन, अशी परिस्थिती होते. ऑनलाइन विक्रीत हे फार जणांच्या लक्षात येत नाही: कायदा तुम्ही बसता तिथलाच नव्हे, माल पोहोचतो तिथलाही लागतो. छपाई कंपनीच्या सेटिंगमध्ये ‘जगभर विक्री’ हा पर्याय बऱ्याचदा आधीच चालू असतो. असं डिझाइन असेल तर तो बंद करून देश निवडून घ्या.

जुन्या चित्रकाराचं चित्र हा तुमच्या यादीतला सगळ्यात चांगला प्रकार आहे, फक्त ‘जुना’ म्हणजे कधीचा हे तारखेने ठरवा. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, व्हॅन गॉग १८९० मध्ये. दोघांच्याही चित्रांवर कॉपीराइट उरलेला नाही. जामिनी रॉय मात्र १९७२ साली गेले, म्हणजे भारतात २०३२ अखेरपर्यंत थांबावं लागेल. पिकासो १९७३ चा. युरोपात २०४३ अखेरपर्यंत. चित्र ‘क्लासिक’ दिसतं यावरून काही ठरत नाही.

मग येतो चित्राच्या फोटोचा प्रश्न. संग्रहालयाने काढलेला फोटो वापरला तर संग्रहालयाचा हक्क लागतो का? सपाट चित्राची जशीच्या तशी नक्कल करणाऱ्या फोटोला अमेरिकेत १९९९ च्या एका निकालापासून कॉपीराइट मिळत नाही, आणि युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात तेच मान्य केलं. तरीही संकेतस्थळाच्या वापर-अटी वाचाव्यात. कॉपीराइट नसला तरी करार असू शकतो. इटलीत तर आणखी एक कायदा आडवा येतो. तिथे सांस्कृतिक वारशाच्या व्यापारी वापराला सरकारी परवानगी लागते. बोत्तिचेल्लीचा ‘व्हीनसचा जन्म’ कपड्यांवर छापला म्हणून फ्लोरेन्सच्या उफिझी संग्रहालयाने २०२२ मध्ये जाँ पॉल गोतिए या फॅशन घराण्याविरुद्ध न्यायालय गाठलं. लिओनार्दोच्या ‘विट्रुव्हियन मॅन’चं जिगसॉ कोडं विकणाऱ्या रावेन्सबुर्गर या जर्मन कंपनीला व्हेनिसच्या न्यायालयाने मनाई केली, पुढे २०२४ मध्ये श्टुटगार्टच्या न्यायालयाने सांगितलं की इटलीचा हा कायदा इटलीबाहेर चालत नाही. चित्रकार जाऊन पाचशे वर्षं झाली आणि वाद अजून चालूच. इटलीत माल पाठवणार नसाल तर रात्रीची झोप घालवण्याइतकं हे मोठं नाही.

अभिनेत्याच्या फोटोवरून केलेलं रेखाचित्र हा पाचांतला सगळ्यात धोक्याचा प्रकार, कारण इथे दोन वेगवेगळे मालक आहेत. फोटो काढणारा एक, आणि चेहरा ज्याचा तो दुसरा. एकाची परवानगी दुसऱ्याच्या कामाची नाही.

आधी छायाचित्रकार. २००८ च्या निवडणुकीतलं ओबामांचं ‘होप’ पोस्टर आठवत असेल. शेपर्ड फेअरी या कलावंताने ते असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या एका फोटोवरून केलं होतं. लाल-निळे सपाट रंग, छायाचित्राचा मागमूस नाही असं वाटावं. तरी प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०११ मध्ये तडजोड झाली, ज्यात त्या प्रतिमेच्या पोस्टर व इतर विक्रीवस्तूंचे हक्क दोघांनी वाटून घ्यायचं ठरलं. उलट बाजूचं उदाहरणही आहे आणि ते नेमकं टी-शर्टचं आहे. अमेरिकेतल्या मॅडिसन शहराच्या महापौरांचा फोटो शहराच्याच संकेतस्थळावरून घेऊन एका छोट्या कंपनीने त्यांची खिल्ली उडवणारा शर्ट काढला. चेहरा हिरवट केला, पार्श्वभूमी उडवली, बारकावे पुसले. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तो न्याय्य वापर (परवानगीशिवायही चालणारा वापर) मानला: फोटोतून उरलं होतं ते जेमतेम एक स्मित. पण त्याच निकालात न्यायालयाने ऐकवलंही की महापौरांचा फोटो स्वतः काढता आला असता, दुसऱ्याच्या कामावरूनच सुरुवात करायची गरज नव्हती. आणि २०२३ च्या अँडी वॉरहॉल प्रकरणानंतर अमेरिकेतलं वारं आणखी बदललं. लिन गोल्डस्मिथ यांनी काढलेल्या गायक प्रिन्सच्या फोटोवरून वॉरहॉलने केलेलं चित्र त्याच्या संस्थेने मासिकाला पैसे घेऊन वापरायला दिलं. मूळ फोटोही नेमका त्याच कामासाठी विकला जातो, म्हणून शैली बदलल्याने तो वापर न्याय्य होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाचं बहुमत पडलं. वॉरहॉलला जे जमलं नाही ते एका फिल्टरला जमेल यावर मी तरी पैसे लावणार नाही.

आता चेहऱ्याचा मालक. ब्रिटनमध्ये टॉपशॉप या कपड्यांच्या दुकानसाखळीने गायिका रिहानाचा फोटो असलेला शर्ट विकला. फोटोचा परवाना त्यांनी छायाचित्रकाराकडून रीतसर घेतला होता. कॉपीराइटचा काही प्रश्नच नव्हता. तरी २०१३ मध्ये ते हरले आणि २०१५ मध्ये अपिलातही हरले, कारण हा शर्ट रिहानाच्या संमतीने निघालाय असा गिऱ्हाइकाचा समज होणार होता. (हा २०१३ चा निकाल देणारे न्यायाधीश आणि लाल बसवाले न्यायाधीश एकच. छापील वस्तू विकणाऱ्यांना त्यांनी बरंच कामाला लावलं.) भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्येच दलेर मेहंदींसारख्या दिसणाऱ्या, त्यांच्या गाण्याच्या ओळी म्हणणाऱ्या बाहुल्यांची विक्री रोखली होती. २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या बाजूने त्यांचं नाव, चेहरा, आवाज आणि ‘झकास’ म्हणण्याची लकब यांना संरक्षण देणारा आदेश निघाला. २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ यांच्या प्रकरणात ‘भिडू’पर्यंत गोष्ट पोहोचली. त्या प्रकरणातला फरक नीट पाहण्यासारखा आहे: शर्ट-पोस्टरसारखा माल विकणाऱ्यांना मनाई झाली, पण त्यांच्या मुलाखतींवर गमतीशीर व्हिडिओ करणाऱ्याला लगेच रोखायला न्यायालय तयार झालं नाही. कला आणि भाष्याला जेवढी मोकळीक मिळते तेवढी वस्तूला मिळत नाही. तीच प्रतिमा, तोच विनोद, पण मगवर छापला की त्याच्याकडे पाहायची नजर बदलते.

यावरून विडंबनाचं. ‘आम्ही तर थट्टा केली’ हा बचाव खरा आहे, पण थट्टा मूळ कलाकृतीची हवी. मूळ कलाकृती वापरून तिसऱ्याच कुणाची थट्टा केली तर बचाव पातळ होतो. आणि ट्रेडमार्कच्या बाबतीत तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये जॅक डॅनियल्स व्हिस्कीच्या बाटलीसारखं दिसणाऱ्या ‘बॅड स्पॅनियल्स’ या कुत्र्याच्या खेळण्याबद्दल एकमताने सांगितलं की दुसऱ्याच्या चिन्हाची नक्कल तुम्ही स्वतःच्या मालाची ओळख म्हणून वापरत असाल, तर विनोद आहे म्हणून खास सवलत नाही. ब्रॅण्डच्या लोगोत दोन अक्षरं बदलून केलेले शर्ट याच खात्यात जमा.

संवादाबद्दल बातमी तुलनेने बरी आहे. एकटदुकट शब्द, शीर्षक, छोटं वाक्य यांना सहसा कॉपीराइट मिळत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये चित्रपटाच्या शीर्षकाबाबत हेच सांगितलं. म्हणजे चार शब्दांचा संवाद स्वतःच्या सुलेखनात काढून छापला तर कॉपीराइटचा धोका कमी. पण तो संवाद म्हणणाऱ्या नटाची आकृती शेजारी आली, चित्रपटाच्या नावाची अक्षरं त्याच वळणात आली, किंवा लिस्टिंगच्या (मंचावरच्या विक्रीच्या नोंदीच्या) टॅगमध्ये चित्रपटाचं नाव घातलं, की तुम्ही दुसऱ्या थरात शिरलात. लांब संवाद, कवितेची कडवी, गाण्याच्या दोन ओळी यांना ही सूट नाही. गाण्यात दोन ओळीसुद्धा पुष्कळ होतात. आणि छपाईआधी त्या शब्दांचा ट्रेडमार्क शोध नक्की घ्या, कपड्यांसाठीच्या २५ व्या वर्गात. ‘कीप काम अँड कॅरी ऑन’ हे १९३९ चं ब्रिटिश सरकारी पोस्टर. त्यावरचा कॉपीराइट केव्हाच संपला, तरी २०११ मध्ये एका कंपनीने युरोपात त्या शब्दांचा ट्रेडमार्क नोंदवला आणि इतर विक्रेत्यांना नोटिसा गेल्या. भारत, युरोप, अमेरिका तिन्हीकडच्या ट्रेडमार्क नोंदी ऑनलाइन फुकट पाहता येतात.

ग्राहक पाठवेल तो फोटो. स्वतःच्या मुलाचा, कुत्र्याचा, सहलीचा, स्वतः काढलेला फोटो असेल तर प्रश्न नाही. व्यावसायिक छायाचित्रकाराने काढलेला असेल तर देशागणिक उत्तर बदलतं. भारतात पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तो साधारणपणे छायाचित्रकार. पण खरी डोकेदुखी लग्नाच्या फोटोची नसते. ग्राहक कार्टून पात्र पाठवतो आणि म्हणतो, यावर माझ्या मुलीचं नाव टाकून द्या. ‘ग्राहकाने मागितलं’ हा बचाव नाही. खासगी वापराची सवलत असलीच तर ती ग्राहकाची. तुम्ही पैसे घेऊन छापताय. ऑर्डर घेताना ‘या चित्राचे हक्क माझ्याकडे आहेत’ अशी कबुली घ्या, नुकसानभरपाईची अट घाला, पण डोळ्यांना दिसणारं पात्र किंवा लोगो असेल तर त्या कबुलीवर विसंबू नका. सनफ्रॉग या अमेरिकी शर्ट-छपाई मंचावर हार्ले-डेव्हिडसनच्या चिन्हांचा माल वापरकर्त्यांनी चढवला होता. २०१८ मध्ये न्यायालयाने १ कोटी ९२ लाख डॉलरची भरपाई लावली. डिझाइन दुसऱ्याने टाकलं होतं, हे म्हणणं चाललं नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त अडचणी येतात त्या रीतसर विकत घेतलेल्या गोष्टींतून. चित्रसंग्रह देणाऱ्या बहुतेक संकेतस्थळांचा साधा परवाना जाहिरात, संकेतस्थळ, पुस्तिका यांच्यासाठी असतो. ज्या वस्तूची किंमतच त्या चित्रामुळे आहे, तिच्यासाठी ‘विस्तारित’ परवाना वेगळा घ्यावा लागतो. डिझाइन बनवायच्या अ‍ॅपमधले तयार टेम्प्लेट जसेच्या तसे छापणंही त्यांच्या अटींत बहुधा बसत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स या मोफत वापराच्या परवान्यांमध्ये ‘अव्यावसायिक’ अट असेल तर विक्री बाद, ‘बदल नको’ असेल तर कापाकापी बाद, आणि श्रेयाची अट असेल तर ते श्रेय निदान लिस्टिंगमध्ये तरी नीट द्यायला हवं. फॉण्टवर ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ लिहिलेलं असतं ते कुणी वाचत नाही. देवनागरीत काम करणाऱ्यांची इथे सोय आहे: मुक्ता, बलू यांसारखे फॉण्ट मुक्त परवान्यावर मिळतात आणि त्यातली अक्षरं मालावर छापून विकता येतात, फॉण्टची फाइल तेवढी सुटी विकायची नाही. इमोजीही चित्रच असतं. अ‍ॅपलचे इमोजी उचलू नका, नोटो किंवा ट्वेमोजी हे मुक्त परवान्याचे संच घ्या, आणि ट्वेमोजीला श्रेय द्या.

परवाना असूनही माणूस कसा बुडतो याचा नमुना म्हणजे ग्रम्पी कॅट. इंटरनेटवर गाजलेल्या त्या रुसक्या मांजरीच्या नावाने थंड कॉफी विकायचा परवाना एका पेय कंपनीने घेतला. मग तिने त्याच चेहऱ्याने भाजलेली कॉफी आणि टी-शर्टही काढले. २०१८ मध्ये ज्युरीने सात लाख दहा हजार डॉलरची भरपाई ठोठावली. म्हणून परवान्यात वस्तूंची नावं, देश, मुदत आणि नगसंख्या लिहून घ्या. भारतात फ्रीलान्स चित्रकाराकडून डिझाइन घेत असाल तर कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचाच: हस्तांतरण लेखी आणि सहीसह हवं, मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ‘मी पैसे दिले, डिझाइन माझं’ असं समजून परदेशात विकणाऱ्याला हे उशिरा कळतं.

आणखी एक: खरं पोस्टर विकत घेऊन ते कॅनव्हासवर किंवा फरशीवर चढवून विकलं तर? अमेरिकेत एका कंपनीने कलाकारांची छापील चित्रं फरशीवर चिकटवून विकली, आणि १९८८ व १९९७ मध्ये दोन वेगळ्या अपील न्यायालयांनी त्याच कृत्यावर उलटसुलट निकाल दिले. युरोपीय न्यायालयाने २०१५ मध्ये पोस्टरची शाई कॅनव्हासवर उतरवण्याला नकार दिला. फ्रेम करून विका, रूपांतर नको.

कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या चित्राबाबत बाजार दोन्ही बाजूंनी तोट्याचा आहे. अमेरिकेत मानवी निर्मात्याशिवाय कॉपीराइट मिळत नाही, हे २०२५ मध्ये अपील न्यायालयानेही कायम केलं. म्हणजे तुमचं हिट डिझाइन कुणी उचललं तर हाती फार काही नाही. उलट त्या यंत्राने एखादं ओळखीचं पात्र काढून दिलं आणि तुम्ही ते छापलं, तर विक्रेता म्हणून तुम्हीच जबाबदार. निघालेलं चित्र उलट प्रतिमाशोधात (चित्रावरून तशीच चित्रं शोधणाऱ्या साधनात) टाकून पाहिल्याशिवाय लिस्ट करू नका.

हक्काच्या मालकाने तक्रार केली आणि नोटीस आली तर काय? मंच आधी लिस्टिंग काढतो, मग विचारतो. अमेरिकी कायद्यानुसार तुम्ही प्रति-नोटीस देऊ शकता, आणि तक्रारदार न्यायालयात गेला नाही तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत लिस्टिंग परत येतं. पण प्रति-नोटीस शपथेवर असते, आणि अमेरिकेबाहेरच्या विक्रेत्यालाही तिथल्या न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य करावं लागतं. रागाच्या भरात बटण दाबू नका. भारतात २०१३ च्या कॉपीराइट नियमांनुसार तक्रारीनंतर ३६ तासांत मजकूर रोखायचा आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो, अशी सोय आहे. वारंवार तक्रारी आल्या की खातंच बंद होतं. त्यात तुमची निर्दोष डिझाइनंही जातात. आणि शिकागोच्या संघीय न्यायालयात अलीकडे एकाच दाव्यात शेकडो परदेशी विक्रेत्यांची यादी जोडून, त्यांचं म्हणणं ऐकण्याआधीच खात्यातली शिल्लक गोठवणारे आदेश घेतले जातात. विकलेला माल थोडासा असतो, गोठते मात्र सगळी रक्कम. म्हणून शंकास्पद डिझाइन एकच असलं तरी ते मुख्य खात्यावर चढवू नये, असं नव्हे. ते कुठेच चढवू नये.

रकमांचं बोलायचं तर अमेरिकेत नोंदणीकृत कलाकृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर, आणि जाणूनबुजून केलं असेल तर दीड लाखापर्यंत भरपाई लागू शकते. नफा किती झाला हे सिद्ध करायची गरज नसते. भारतात जाणूनबुजून केलेलं उल्लंघन फौजदारी गुन्हाही आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला. ‘उल्लंघनाचा हेतू नाही, हक्क मूळ मालकाचे’ अशी ओळ लिस्टिंगखाली टाकणारे असतात. ती ओळ म्हणजे आपल्याला माहीत होतं याचा स्वतःच लिहून दिलेला पुरावा.

शेवटी तुमच्या स्वतःच्या डिझाइनचं, कारण ते चाललं तर लोक तेही उचलणारच. मूळ स्तरांची फाइल, कच्ची रेखाटनं, तारखा जपून ठेवा. भारतात कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ चा एक सापळा आहे: डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखी नक्षी नोंदवली नाही आणि ती यंत्राने पन्नासपेक्षा जास्त वस्तूंवर उमटवली, तर तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. स्वतंत्र चित्र म्हणून काढलेली कलाकृती आणि केवळ मालासाठी केलेली नक्षी यांत फरक कुठे करायचा यावर न्यायालयांत वर्षानुवर्षं वाद झाले. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी कसोटीही घालून दिली. तरी ज्या नक्षीवर धंदा उभा करायचाय तिची नोंदणी बाजारात आणण्याआधी करा, कारण एकदा प्रसिद्ध झालेलं डिझाइन नवं मानलं जात नाही आणि मग नोंदणीही मिळत नाही.